माप कोणी हरवलं?

न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, टॉम ब्रेडी २०२८ साली अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पात्र ठरेल. तेव्हा त्याच्या संघाने चेंडूंतली हवा मुद्दाम कमी केल्याच्या आरोपाचं ते जुनं प्रकरण पुन्हा उकरून काढलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दहा वर्षं उलटून गेली तरी त्या वादात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हा संघ आधीही लबाडी करताना सापडला होता, मग यावेळीही केलीच असणार. दुसरा म्हणतो, आमच्या यशावर जळणाऱ्यांनी रचलेलं कुभांड आहे. विशीपर्यंत हा खेळ पाहिलाही नव्हता अशी बॉस्टन आणि न्यू जर्सीतली आपली मराठी मंडळीसुद्धा या दोन छावण्यांत इतकी घट्ट वाटली गेली आहेत, की दिवाळीच्या फराळालाही विषय निघाला की चकल्या बाजूला राहतात. दोन्ही बाजूंचा सगळा जोर ब्रेडी माणूस कसा आहे यावर असतो. माझ्या मते प्रश्न तो नाहीच. चेंडूंशी छेडछाड झाली की नाही हे ठरवू शकेल असा पुरावा तपासाच्या वेळी शिल्लक नव्हता, आणि तो शिल्लक न राहण्याला या खेळाची स्पर्धा चालवणारी नॅशनल फुटबॉल लीग स्वतः जबाबदार होती. अशा वेळी शंकेचा भार लीगने सोसायला हवा होता. तिने तो आरोपीच्या खांद्यावर टाकला. ब्रेडी दोषी असो वा नसो, ती शिक्षा अन्याय्य होती.

प्रकरण थोडक्यात असं. १८ जानेवारी २०१५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरो इथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्यात सामना झाला. जिंकणारा संघ ‘सुपर बोल’ या मोसमाच्या अंतिम सामन्यात जाणार होता. या खेळात प्रत्येक संघ आक्रमणासाठी आपापले चेंडू आणतो आणि सामन्याआधी पंच त्यांतला दाब तपासतात. नियमानुसार तो दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पाउंड असावा लागतो. किंचित मऊ चेंडू थंडीत आणि पावसात पकडायला सोपा जातो, असं बरेच क्वार्टरबॅक मानतात. कोल्ट्सने सामन्याआधीच शंका कळवून ठेवली होती. मध्यंतरात पंचांच्या खोलीत पेट्रियट्सचे ११ चेंडू तपासले, ते सगळे १२.५ च्या खाली निघाले. पेट्रियट्सने सामना ४५-७ असा जिंकला, पुढे सुपर बोलही जिंकला. मे महिन्यात लीगने नेमलेले वकील टेड वेल्स यांचा २४३ पानांचा अहवाल आला. पेट्रियट्सच्या दोन कर्मचाऱ्यांनी हवा काढली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि ब्रेडीला याची निदान सर्वसाधारण कल्पना असावी, असा त्याचा निष्कर्ष. ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली. संघाला दहा लाख डॉलर दंड झाला आणि नवे खेळाडू निवडण्याच्या दोन संधी काढून घेतल्या गेल्या, त्यांतली एक पहिल्या फेरीची.

आता लीगच्या बाजूचं जे बळकट आहे ते आधी मान्य करतो, कारण पेट्रियट्सचे चाहते नेमकं तेच गिळून टाकतात. पंचांच्या खोलीची व्यवस्था पाहणारा कर्मचारी पंचांना न सांगता चेंडूंच्या पिशव्या घेऊन निघाला, वाटेत स्वच्छतागृहात शिरला, आतून कडी लावली आणि एक मिनिट चाळीस सेकंदांनी बाहेर आला. हे कॅमेऱ्यात आहे. पंचांसाठी ही वागणूक नेहमीची नव्हती. याच माणसाने काही महिन्यांपूर्वी सहकाऱ्याला पाठवलेल्या संदेशात स्वतःला ‘डिफ्लेटर’, म्हणजे हवा काढणारा, म्हटलं होतं. त्यावर संघाने दिलेलं स्पष्टीकरण असं, की हा शब्द ते वजन कमी करण्याच्या अर्थाने वापरत. हे स्पष्टीकरण वकिलाने कसं काय लिहून दिलं असेल, हा मला पडलेला खरा प्रश्न आहे. आणि ब्रेडीने चौकशीत मुलाखत द्यायच्या सुमारास आपला फोन नष्ट करवला. निरागस माणूसही असं करू शकतो, पण शहाणा माणूस करणार नाही.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘संशयातीत पुरावा कुठे आहे?’ ही चाहत्यांची आरोळी चुकीची आहे. ते फौजदारी खटल्याचं माप आहे. नोकरीतल्या किंवा संघटनेतल्या शिस्तभंगाच्या चौकशीला ते लागत नाही. आपल्याकडे खातेनिहाय चौकशीला सामोरं गेलेल्या कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याला विचारा. न्यायालयातून सुटलेला माणूस खात्याच्या चौकशीत दोषी ठरू शकतो, कारण तिथे कुठली शक्यता जास्त एवढंच पाहतात. स्पॉट फिक्सिंगच्या आरोपात क्रिकेटपटू श्रीसंतच्या बाबतीत हेच झालं. २०१५ साली दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं, क्रिकेट मंडळाने बंदी कायम ठेवली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने आजन्म बंदी रद्द करून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, पण शिस्तभंगाच्या कारवाईचं माप फौजदारी मापाहून वेगळं असतं हे तत्त्व हलवलं नाही. तेव्हा लीगने ‘शक्यता जास्त’ हे माप वापरलं यात गैर काही नाही.

गैर आहे ते पुढे. माप जितकं सैल, तितकी नोंद काटेकोर लागते. पारडं केसभर जरी झुकलं तरी माणूस दोषी ठरणार असेल, तर त्या पारड्यात पडणारा प्रत्येक आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. इथे काय होतं? सामन्याआधी पंच वॉल्ट अँडरसन यांनी चेंडू तपासले, पण आकडे कुठेही लिहिले नाहीत. पेट्रियट्सचे चेंडू १२.५ च्या आसपास होते आणि कोल्ट्सचे १३ च्या आसपास, हे केवळ त्यांच्या आठवणीवर आहे. त्यांच्याकडे दाब मोजायचे दोन गेज होते. एकावर कंपनीचं बोधचिन्ह होतं, दुसऱ्यावर नव्हतं. बोधचिन्हाचं गेज दुसऱ्यापेक्षा जवळपास ०.४ ने जास्त आकडा दाखवायचं. मध्यंतरात दोन्ही गेजनी मोजलं, तेव्हा पेट्रियट्सच्या ११ चेंडूंची सरासरी एकावर ११.४९ आणि दुसऱ्यावर ११.११ आली.

आता शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. बंद चेंडूतली हवा थंड झाली की दाब उतरतो. खोलीत साधारण २१ अंश सेल्सियस आणि मैदानावर ९ अंश धरले, बाहेरच्या वातावरणाचा १४.७ पाउंडांचा दाब मिळवून केल्व्हिनमधल्या तापमानांचं गुणोत्तर मांडलं, तर १२.५ चा चेंडू कुणी हात न लावता ११.४ च्या आसपास येतो. लीगनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी काढलेला पट्टा ११.३२ ते ११.५२ असा होता. म्हणजे अँडरसन यांनी सामन्याआधी बोधचिन्हाचं गेज वापरलं असेल, तर त्याच गेजवरची मध्यंतराची ११.४९ ही सरासरी या पट्ट्यात बसते आणि गुन्हाच उरत नाही. दुसरं गेज वापरलं असेल, तर ११.११ ही सरासरी पट्ट्याच्या खाली, ०.२ ते ०.४ ने कमी पडते. ज्या तफावतीवर एका माणसाची अब्रू टांगली गेली, ती तफावत दोन गेजमधल्या फरकाएवढीच आहे.

मग कुठलं गेज वापरलं होतं? अँडरसन यांना विचारलं, तेव्हा आपल्याला आठवतं त्यानुसार बोधचिन्हाचं, असं ते म्हणाले. आणि इथे अहवालाने जे केलं ते मला आजही पटत नाही. सुरुवातीच्या दाबाबाबत अँडरसन यांची आठवण विश्वासार्ह ठरवली. गेजबाबत त्याच माणसाची आठवण चुकीची ठरवली. एकाच साक्षीदाराच्या एकाच संध्याकाळच्या आठवणीचे दोन तुकडे केले आणि दोन्ही वेळा आरोपीला जड जाणारा तुकडा ठेवला. यामागे अहवालाचा तर्क होता, तो सांगणं प्रामाणिकपणाचं ठरेल. दोन्ही संघांनी आपापल्या गेजवर चेंडू १२.५ आणि १३ ला लावून आणले होते. अँडरसन यांना जवळपास तेच आकडे दिसले. मग त्यांचं गेज जास्त दाखवणारं कसं असेल? तर्क अगदीच पोकळ नाही. पण तो अनुमानाचा अनुमान आहे. संघांच्या गेजनी खरं माप दाखवलं असं धरायचं, संघांच्या माणसांची आठवण बरोबर धरायची, अँडरसन यांची आकड्यांची आठवण बरोबर धरायची, आणि मग त्यांचीच गेजची आठवण चूक म्हणायची. इतक्या ‘धरायचं’वर उभं राहिलेलं उत्तर एका बाजूला झुकतं तेव्हा ते पुराव्याने झुकलं की हाताने, हे कसं ओळखायचं?

कोल्ट्सच्या चेंडूंचीही गोष्ट तशीच. त्यांची घसरण कमी होती, म्हणून पेट्रियट्सचीच संशयास्पद, असं लीगचं म्हणणं. ऐकायला हे भक्कम वाटतं, कारण दोन्ही संघांचे चेंडू त्याच थंडीत होते. पण मध्यंतराची वेळ संपत आली म्हणून कोल्ट्सचे फक्त चार चेंडू मोजले गेले, तेही पेट्रियट्सचे मोजून झाल्यावर. ऊबदार खोलीत पडलेला चेंडू दर मिनिटाला तापतो आणि दाब पुन्हा चढतो. पेट्रियट्सच्या चेंडूंत हवा भरण्याचं काम कोल्ट्सच्या मोजणीआधी झालं की नंतर, याचीही धड नोंद नाही. त्या चारांपैकी तीन चेंडू एका गेजवर १२.५ च्या खालीच होते, हेही फारसं कुणी सांगत नाही. लीगच्या तज्ज्ञांनी वेळेचा हिशेब मांडला आणि तरीही तफावत पूर्ण सुटत नाही असं म्हटलं. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण कुठला चेंडू कितव्या मिनिटाला मोजला हेच लिहिलेलं नसताना त्यांनी तरी काय करायचं?

आपल्याकडे वाण्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. काटा तपासलेला नसेल तर तोट्याचा संशय गिऱ्हाइकावर जात नाही, वाण्यावर जातो, कारण काटा त्याच्या ताब्यात असतो. लीगच्या ताब्यात पंच होते, गेज होती, नोंदवही होती. नियम तिचा, मोजणी तिची. शिवाय कोल्ट्सची तक्रार आधीच आलेली होती, म्हणजे बेसावध होतो असंही म्हणता येत नाही. हा हलगर्जीपणा त्या एका संध्याकाळचा नव्हता. वर ज्या संदेशांचा उल्लेख केला त्यांतच, आदल्या ऑक्टोबरमधल्या न्यू यॉर्क जेट्स संघाविरुद्धच्या सामन्यात पंचांनी काही चेंडू १६ च्या आसपास फुगवले असल्याची तक्रार आहे. लीगने हे संदेश आरोपीविरुद्ध वापरले. तिच्याच पंचांची मापं वरच्या मर्यादेपलीकडे कशी जात होती, हा त्याच संदेशांतला दुसरा अर्थ होता, पण त्यासाठी कुणालाच जबाबदार धरलं गेलं नाही.

यात भर म्हणजे खोटे आकडे. सामन्यानंतर दोन दिवसांत ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर बातमी आली, की १२ पैकी ११ चेंडूंत दोन पाउंड कमी दाब होता. खरे आकडे लीगच्या हातात होते. दोन पाउंडांनी कमी म्हणजे १०.५, आणि इतकं खाली दोन्ही गेज मिळून एकदाच, एका गेजवर एका चेंडूत आलं होतं. संघाला पाठवलेल्या लीगच्या पत्रात तर एक चेंडू १०.१ चा असल्याचं म्हटलं होतं, तसा कुठलाच नव्हता. लीगने बातमीचं खंडन केलं नाही. मे महिन्यात अहवालाच्या तक्त्यात खरे आकडे छापले गेले तोवर साऱ्या देशाने निकाल देऊन टाकला होता. आज जे लोक ‘दोन पाउंड’ हा आकडा ठामपणे सांगतात, त्यांना तो खोटा आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

‘मग फोन का फोडला?’ हा प्रश्न राहतोच, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पण तो वेगळा आरोप आहे. चौकशीत सहकार्य न करणं हा दोष धरा आणि त्याची शिक्षा द्या. २०१० साली ब्रेट फार्व्हने एका चौकशीत सहकार्य केलं नाही, त्याला लीगने ५० हजार डॉलर दंड केला होता. नष्ट केलेल्या वस्तूवरून नष्ट करणाऱ्याविरुद्ध अनुमान काढता येतं, हे मान्य. मग ते सर्वांना लागू हवं. २००७ साली याच पेट्रियट्सनी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून चित्रित केल्या, तेव्हा जप्त केलेल्या चित्रफिती आणि टिपणं लीगने शिक्षा सुनावल्यावर नष्ट करून टाकली. सिनेटर आर्लन स्पेक्टर यांनी त्यावर जाहीर प्रश्न विचारले. लीगचे आयुक्त २०१५ सारखेच तेव्हाही रॉजर गुडेलच होते. पुरावा नष्ट करणं हे अपराधी मनाचं लक्षण असेल, तर त्या फितींवरून आपण कुणाबद्दल काय अनुमान काढायचं?

दोन आरोप वेगळे ठेवता येतात, हे क्रिकेटने एकदा दाखवून दिलं आहे. २००६ साली ओव्हल कसोटीत डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह या पंचांनी पाकिस्तानने चेंडू कुरतडल्याचं ठरवून पाच धावांचा दंड केला. इंझमामचा संघ चहापानानंतर मैदानात उतरलाच नाही आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. पुढे रंजन मदुगले यांच्यासमोर सुनावणी झाली. ज्यावरून आरोप झाला तो चेंडूच टेबलावर होता. तो पाहून मदुगलेंनी इंझमामला कुरतडण्याच्या आरोपातून मोकळं केलं आणि खेळायला नकार दिल्याबद्दल चार एकदिवसीय सामन्यांची बंदी घातली. वागणुकीची शिक्षा वागणुकीला, चेंडूचा निकाल चेंडूवरून. फॉक्सबरोचे चेंडू मात्र मध्यंतरात हवा भरून पुन्हा खेळात गेले. ते तिथे जाणं साहजिक होतं, पण त्यानंतर तपासायला उरलं होतं ते कागदावरचं माप, आणि तेही अर्धवट.

आपण मराठी माणसांनी या वादात फार वरच्या पट्टीत बोलू नये, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथला आपलंही असंच प्रकरण झालेलं आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये सामनाधिकारी माइक डेनेस यांनी टीव्हीवरच्या चित्रणावरून सचिनला चेंडूच्या शिवणीबाबत दोषी ठरवलं. इथे काय झालं? पुतळे जळले, संसदेत आवाज उठला, आणि ‘सचिन असं करणंच शक्य नाही’ हा एकच मुद्दा घराघरात होता. बॉस्टनवाले ब्रेडीबद्दल बोलत तेच. त्या वेळी भक्कम मुद्दा समोर पडलेला होता. दिवसभर चेंडू हातात घेऊन पाहणाऱ्या मैदानावरच्या पंचांनी काहीच तक्रार केली नव्हती, आणि चेंडू बिघडल्याचा कुठलाही निष्कर्ष नव्हता. नंतर आयसीसीनेही खुलासा केला, की दोष पंचांच्या देखत न करता चेंडू साफ करण्याचा होता, कुरतडण्याचा नव्हे. पण चेंडूची अवस्था काय होती, हे विचारायला शांत डोकं लागतं. चारित्र्याची द्वाही फिरवायला लागत नाही. आणि चारित्र्यावर लढलेला वाद चारित्र्यावरच हरता येतो. पेट्रियट्सच्या २००७ च्या लबाडीने २०१५ चा निकाल लागला, तो असा.

न्यायालयांच्या निकालांचाही असाच चुकीचा वापर होतो. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली, तेव्हा बॉस्टनमध्ये ब्रेडी निर्दोष सुटल्यासारखा जल्लोष झाला. एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती पुन्हा लागू केली, तेव्हा बाकीचा देश म्हणाला, बघा, सिद्ध झालं. दोन्हींपैकी कुठल्याही न्यायालयाने चेंडूत हवा किती होती हे ठरवलं नाही. प्रश्न होता खेळाडूंच्या संघटनेने केलेल्या करारात आयुक्ताला किती अधिकार दिले आहेत हा. उत्तर मिळालं, भरपूर. ज्या गुडेल यांच्या नावाने शिक्षा झाली त्यांच्यासमोरच अपील चाललं, हे करारात बसत होतं. कायद्यात बसलं म्हणजे न्यायात बसलं का? असहमत न्यायाधीश कॅट्झमन यांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. हाताला चिकट पदार्थ लावून खेळणं हा चेंडूवर पकड मिळवण्याचाच गैरमार्ग, त्याला तेव्हा पहिल्या खेपेला दंड होता ८,२६८ डॉलर. गुडेल यांनी तो बाजूला ठेवून उत्तेजक द्रव्यांच्या शिक्षेशी तुलना केली.

पेट्रियट्सवाल्यांचा ‘४५-७ ने जिंकलो, हवेने काय फरक पडला?’ हा मुद्दा मी घेत नाही. नियम मोडला तर मोडला, धावफलक मोठा असल्याने तो सांधला जात नाही. हवा भरल्यावर दुसऱ्या सत्रात ते २८-० खेळले यावरूनही काही सिद्ध होत नाही. आणि सारी लीग त्यांच्यावर टपून बसली होती, हे म्हणायलाही गेजवाल्या प्रकाराइतकाच पुरावा लागेल.

खरा पुरावा मिळवायची संधी लीगला नंतर आली होती. २०१५ च्या मोसमात तिने चेंडूंची मोजणी पहिल्यांदाच नीट नोंद ठेवून सुरू केली. काही सामन्यांत मध्यंतरालाही तपासणी व्हायची. थंडीत चेंडूंचा दाब किती उतरतो हे त्या वह्यांमधून कळलं असतं, आणि ब्रेडीचं प्रकरण तेव्हा न्यायालयात जिवंत होतं. लीगने ते आकडे प्रसिद्ध केले नाहीत. गुडेल म्हणाले, हे संशोधन नव्हतं, अचानक तपासणी होती, आणि एकही उल्लंघन आढळलं नाही. याच मोसमात १० जानेवारी २०१६ रोजी मिनेसोटात सिएटलविरुद्धचा सामना उणे २१ अंशांत सुरू झाला. वरचंच गुणोत्तर मांडून पाहा. नियमातल्या वरच्या टोकाला, १३.५ ला फुगवलेला चेंडूही त्या थंडीत पुरता गारठला तर साडेनऊच्या आसपास येतो. तरीही त्या मोसमात उल्लंघन एकही नाही. याचा अर्थ दाब १२.५ च्या खाली गेला तरी तो थंडीमुळे गेला असेल तर गुन्हा नसतो, हे लीगला एका वर्षात मान्य झालं होतं, आणि त्याच काळात तिचे वकील ब्रेडीची बंदी परत मिळवायला अपील न्यायालयात उभे होते.